चाळीस नॅनोमीटर

फतेगंजच्या आमच्या इमारतीला तळघर आहे.
एसी अठरावर, खिडकी नाही.
तिथे बावीस वर्षं मी मायक्रोस्कोप सांभाळतो
आणि सगळे मला काका म्हणतात,
मराठी पोरंही, गुजराती पोरंही.
बडोद्यात हा एक शब्द भाषांतराविना चालतो.

त्याआधी वर, दुसऱ्या मजल्यावर,
मी आणि चंदुभाई उंदरांचे मेंदू वाटायचो.
वाटायचो म्हणजे खरंच वाटायचो:
बर्फात काचेची नळी, नळीत दांडा,
दहा फेरे, वर-खाली.
चंदुभाई म्हणायचा, चटणीत मीठ कमी पडलं.
मग त्या लगद्यातली प्रथिनं मोजायची,
हे आहे, तेही आहे, हे थोडं, ते फार.
शिरगणती पक्की.
फक्त कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं
ते वाटतानाच गेलेलं असायचं.

झंखना पंड्या वाटत नाही.
ती मेंदूची मिलिमीटरभर जाड चकती
आधी जेलमध्ये मुरवते,
मग साबणाच्या पाण्यात ठेवते, शांपूत असतो तोच साबण,
सदतीस अंशांवर, आठवडाभर.
चरबी निघून जाते. उजेड अडवणारी तीच होती.
प्रथिनं राहतात जिथल्या तिथे.
सगळं घर धुतलं,
पण बसलेल्या कुणाला उठवलं नाही, तसं.

मग ती दोन प्रथिनांना दोन खुणा लावते.
दोघं चाळीस नॅनोमीटरच्या आत असतील
तरच एक लाल ठिपका पेटतो.
चाळीस नॅनोमीटर म्हणजे
केसाच्या जाडीचा दोनहजारावा भाग.
लांबून ओळख असेल तर ठिपका नाही.
एकाच घरातले, एवढ्यावरही नाही.
जवळ असावं लागतं.

मंगळवारी ती बशी घेऊन आली.
बशीत पाण्यासारखं काही,
आणि त्यात काहीच नाही.
टेबलाला डाग नकोत म्हणून मी रद्दीतला पेपर अंथरतो.
त्यावर तिनं बशी ठेवली
आणि मेंदूच्या आरपार मला अक्षरं दिसली,
गुजराती, शिरोरेखा नसलेली,
एकेकटी उभी.

बेसणुं.
स्व. चंदुभाई मगनलाल प्रजापती.
खाली नावं: मुलगा, सून, दोन जावई,
कॅनडातला नातू, मोरबीचे साडू,
भागीदारी पेढीचं नाव, मोबाइल नंबर.
यादी पूर्ण होती.
तारीख गेल्या महिन्याची.

चकती जराशी हलली,
आठवणी जिथे साठतात म्हणतात
तो शिंगासारखा वळलेला भाग
अंधुकसा त्याच्या फोटोवर आला.
"दिसतंय ना, काका?" झंखनानं विचारलं.
मी म्हटलं, दिसतंय.

स्कॅनला अकरा तास लागले.
घरी गेलो नाही.
एकेका थरानं ठिपके येत गेले,
कुठे दाट, कुठे दोनच,
आणि मधे काळोखाचे मोठे पट्टे,
ज्यांत प्रथिनं होती, भरपूर होती,
पण एकमेकांपासून लांब.
मी त्या पट्ट्यांकडेच जास्त वेळ पाहिलं.
तो निवृत्त झाला त्याला अकरा वर्षं झाली.
कारेलीबाग इथून स्कूटरवर बारा मिनिटं.

रविवारी गेलो.
हातात काय न्यावं ते सुचलं नाही,
काहीच नेलं नाही.
सुनेनं दार अर्धं उघडलं.
"तमे कोण?"

सहकारी म्हणणार होतो. मित्र म्हणणार होतो.
एकमेकांच्या घरी आम्ही कधी जेवलो नव्हतो,
त्याच्या मुलाचं नाव मला पेपरातून कळलं.
फक्त अठरा वर्षं एकाच बर्फात
आमचे हात गारठत होते.

"बाजूचा," मी म्हणालो, मराठीतच.

तिनं उंबऱ्यातून वाकून डावीकडचं दार पाहिलं,
मग उजवीकडचं,
आणि खुर्ची आणायला आत गेली.