लेंड्यांची वही

जानेवारीत तीन सकाळी
मी जंगलातल्या लेंड्या मोजते.
हसू नका, सरकारी काम आहे.
कक्ष एकशे बेचाळीस, दोन किलोमीटरची सरळ रेषा,
दर चारशे मीटरला थांबायचं, उकिडवं बसायचं,
पाचोळा सारून बघायचं.
चितळाच्या वेगळ्या, रोह्याच्या वेगळ्या,
डुकराचा नुसता उकरा.
बुधाजी सिडाम एक लेंडी चिमटीत फोडतो,
"हे कालची होय, बाई. हे दिवाळीच्या आंधीची."
थंडीनं माझ्या पेनाची शाई अडते.

वहीत पाच वर्षं आहेत.

पहिल्या वर्षाची पानं गच्च.
चितळ इतके, की बांबूला कोंब फुटायचा अवकाश,
संध्याकाळी नाही.
मोहाखाली नवं रोप म्हणून नाही,
बोडीचा काठ न्हाव्यानं भादरल्यासारखा.
मग नाल्यापलीकडून ती वाघीण आली.
दुसऱ्या वर्षी तिची तीन पिल्लं.
तिसऱ्या वर्षी वहीत रिकाम्या ओळी,
मोहाखाली वीतभर रोपं,
आणि कोसंबीत दोन गाई, एक बकरी,
रेवनाथ बोरकुटेचा गोऱ्हा.
रानात उरलं नाही की वाघ गावाकडे बघतो,
यात रागाचं काही नाही.
पण गोऱ्हा ज्याचा, त्याला हे सांगायला
मला दोनदा चहा प्यावा लागला.
तरी सांगता आलं नाही.

चौथ्या वर्षी तार.
धानाच्या बांधीभोवती, डुकरांसाठी,
खांबावर आकडा टाकून.
डुक्कर कसं निसटलं कोण जाणे,
त्याच्या मागावरची ती अडकली.
तार कोणाची, गावानं सांगितलं नाही.
पंचनाम्यात मी लिहिलं:
मिशा शाबूत. नखं अठरा, शाबूत.
पोटात काही नव्हतं,
हे डॉक्टरनं लिहिलं.

मग डुकरं.
एका रातीत बांधी नांगरल्यागत,
लाखोळी गेली, तुरीत रोही उभे
भरदुपारी, मान वर करून.
माळ्यावर डबे बडवून पोरांचे हात सुजले.
"सोयरे तरी चार दिसात जातेत," रेवनाथची बायको म्हणाली,
"हे तं मुक्कामालेच आले."

माझ्या आजाच्या खळ्यात पात फिरायची.
मेढीजवळ म्हातारा बैल, पावलं मोजून टाकणारा,
टोकाला तरणा, लांबचा फेरा त्याचा.
तरणा धावला की म्हातारा ओढला जायचा,
जरा उशिरा.
म्हातारा अडला की दावं ताणून तरणा थांबायचा,
तोही उशिराच.
त्या उशिरातच गावाची वर्षं जातात.
ज्या साली चितळ वाढतात त्या साली वाघ थोडे,
वाघ वाढतात तोवर चितळ सरलेले,
आणि मधे कुणाचातरी गोऱ्हा, कुणाचीतरी तूर.
वरून विचारणा येते, आकडा स्थिर कधी होईल?
साहेब, पात थांबते
ती खळ्यात काही उरलं नाही की.

आज सकाळी नाल्याच्या रेतीत एक पंजा.
नर असावा, कोवळा,
कडा अजून ढासळलेल्या नाहीत.
बुधाजी बोलला नाही,
काडीनं भोवती गोल काढला,
आणि जरा वेळानं टेंभुर्णीचं एक पान आणून
त्यावर ठेवलं.

परतताना बांधावर रेवनाथ.
"आला का?"
सिंदेवाहीची गाडी आली का, अशा आवाजात.
"कोण?"
तो हसला नाही.
तळहातावरचा भाजल्याचा जुना चट्टा
त्यानं दुपट्ट्याखाली घेतला,
आणि माझ्याकडे न बघता तुरीकडे बघत राहिला,
जिथे सात रोही होते. मी मोजले.

आता ऑफिसात बसलेय.
चितळ भरले, रोही भरले, उकरे भरले.
शेवटचा रकाना कोरा.
पेन काखेत धरलंय,
शाई मोकळी होईपर्यंत.