रेषेवरच्या पेशी

गणपती गेले की टेबलावर बोटं वाढतात.
डाव्या हाताची अनामिका, म्हणते मी, घाबरू नका.
कुणाच्या बोटाला दोराचा वळ,
कुणाच्या नखात चिऱ्याची तांबडी माती.
ती कुठली आणि रक्त कुठलं, कळायला
स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवावा लागतो.

आज सातव्या नंबरला यल्लव्वा, चिरेखाणीवरची.
दिवसाआड हीव भरतं म्हणाली, दुपारी तीनच्या ठोक्याला,
सुरुंगाच्या वेळेसारखं.
सोडलेल्या खाणीत पुरुषभर पाणी आहे, निवळशंख.
तिचा मुलगा त्यातच पोहायला शिकला.

थेंब घेतला, ओढला, वाळवला, रंगवला.
भिंगाखाली तांबड्या पेशी, मधे फिकट,
पीठ पुरवून थापलेल्या भाकऱ्या.
बऱ्याच शोधानं सापडली पहिली अंगठी:
निळं बारीक कडं, वर माणकाचा एकच खडा.
देवगडात असं काम करणारा सोनार नाही.
आणि जिनं ती घातलीय ती पेशी
शेजारणींपेक्षा फुगलेली, दिवस भरत आलेले.

मोजायचं यंत्र आठ दिवस बंद.
कणकवलीहून माणूस येतोय, येतोयच.
तोवर मी आणि काचेवरचे चौकोन.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार.
पांढऱ्या तीन हजार सहाशे.
प्लेटलेट मोजताना मात्र हात थांबला.
इथं एक. तिथं एक.
मग नुसती पुळण, ओहोटीनंतरची.
एकेचाळीस हजार.
पुन्हा मोजल्या. एकेचाळीसच.

"किती पायजे असत्यात?"
"दीड लाख तरी."
ती हसली, ओठ फुटलेले.
"उचल तेवढीच हाय आमची. मुकादमाकडं."

कोर्सला बाईंनी शिकवलं होतं:
पेशी रेषेवर बसली असेल तर
डावीकडची, वरची धरायची,
उजवीकडची, खालची सोडायची,
नाहीतर एकच पेशी दोन घरांत मोजली जाते.
बावीस वर्षं पाळलाय नियम.
सोडलेली पेशी शेजारच्या घरात
कुणीतरी धरतच असेल, असं धरून.

संध्याकाळी तक्ता भरताना सुलभा विचारते,
"बाय, हिचो गाव खंयचो लिवू?"
फवारणीच्या यादीत खाण नाही.
विजापूरकडच्या तिच्या गावात ती आता नाही.
मागच्या महिन्यात कलमांच्या बागेतला नरबहादूर,
त्याचाही रकाना रिकामाच गेला,
मीच सही केली खाली.
"खाण लिही."
"रकान्यात मावना नाय."
"मग रेघेबाहेर लिही. पण लिही."

गोळ्या चौदा दिवसांच्या.
दहाव्या दिवशी ती आपल्या पायांनी आली,
प्लेटलेट लाखावर सरकलेल्या,
रक्त अजून फिकंच. ते इतक्यात भरायचं नाही.
पदराखाली मुलगा,
केस ओले, दात एकमेकांवर आपटतायत.
भिंतीवर तीनला पाच कमी.
मी नवी काच काढली,
पुसली,
आणि त्यानं न सांगताच
बोट पुढे केलं, उजवं.