वीसच्या खाली

चार वायरी असतात.
लाल बॅटरीला, काळी बॉडीला,
केशरी चावीच्या मागं,
आणि पिवळी जाते रिलेत,
जिथं डिझेलपंपाची नस मी आपल्या हातानं कापतो
आणि पुन्हा जोडतो, अशी
की लांबून कोणी म्हटलं तर तुटावी.

डबी कुठं लपवली ते मालकालाही सांगत नाही.
वरूडच्या मंडीसमोर बसून
अशा दोनशेवर गाड्यांच्या नसा
माझ्या मोबाइलात आहेत.

चेतन घोरमाडे दोन वर्षं हाताखाली होता.
डावखुरा पोट्टा, बोटं बारीक,
डॅशबोर्डमागं माझा पंजा अडायचा
तिथून त्याचा हात पार जायचा.
एकदा म्हणाला, "उस्ताद,
चालत्या गाडीत पंप बंद पडला तं?
घाटात? मांगून ट्रक येऊन रायला तं?"
म्हटलं, तसं होत नाही बे.
मेसेज पोचला तरी डबी थांबते.
काटा वीसच्या खाली आल्याशिवाय
कोणाचा जीव घेत नाही ते.
"मंग आपल्याहून शहानी हाय," म्हणाला,
आणि दातानं टेप तोडली.

दिवाळीच्या तोंडावर त्याला काढला.
तांब्याच्या वायरीचं एक बंडल कमी भरलं म्हणून.
बंडल पुढं सापडलं, इन्व्हर्टरच्या खोक्यामागं.
ते त्याला सांगायचं राहिलं.
म्हणजे, राहू दिलं.

आंबियाची तोड चालू होती.
रात्री सव्वादोनला गुणवंत काळमेघ दारात,
बनियनवर, एका पायात चप्पल.
"गाडी नाही ना बाप्पा!
कॅरेटं भरून ठेवली होती, सकाळी नागपूरले निंघाची होती."

मोबाइल उघडला.
निळा बाण पुसला ओलांडून
मुलताईच्या वाटेनं चालला होता.
चौसष्ट.
मेसेज टाकला. उलट उत्तर आलं:
आज्ञा मिळाली. वेग जास्त. वाट पाहत आहे.

मग आम्हीही पाहत बसलो.
एकोणसाठ. एकाहत्तर.
गुणवंतभाऊ आकड्याला शिव्या देत होते.
बायको त्यांच्यामागून आली होती,
खोलीत लाइट असूनही टॉर्च लावून उभी.
घाट लागला. छत्तीस. अठ्ठावीस.
"कर ना बंद आता!"
एकवीस.
एकवीसवरच, बराच वेळ.
बावीस. पुन्हा एकवीस.
भरली गाडी, पहिला गिअर, चढण,
आणि कोणीतरी पाय मोजून दाबत होतं.
माझ्या कपाळाला घाम आला.
ही वीसची गोष्ट
चोराला कशी ठाऊक?

शेवटच्या वळणावर एकोणीस.
मग शून्य.

हवालदार सोनारेंना घेऊन पोचलो तेव्हा
तांबडं फुटायचं होतं.
गाडी डाव्या कडेला, हँडब्रेक ओढलेला.
मागच्या दोन्ही चाकांना दगड,
नुसते टाकलेले नाहीत, ठोकून बसवलेले.
वीसेक पावलं मागं, रस्त्यावर
पळसाची तोडलेली फांदी,
येणाऱ्याला दिसावी म्हणून.
कॅरेटं सगळी. एकही संत्रं हललेलं नाही.

मी डॅशबोर्डखाली हात घातला, कोपरापर्यंत.
डबी जागेवर होती, कोणी छेडली नव्हती.
टेप चाचपून पाहिली:
मी उजवीकडून गुंडाळतो.
ही डावीकडून होती.

"कोनावर संशय?" सोनारेंनी वही काढली.
गुणवंतभाऊ माझ्याकडे पाहायला लागले.
मी म्हणालो, गाडी आधी रस्त्यावरून काढू,
ट्रकांची वेळ झाली.

चालू करायचा मेसेज टाकला.
पंपानं घशात आवाज केला, इंजिन लागलं.
सोनारेंनी पायानं एक दगड उडवला.
दुसरा खोल रुतला होता,
तो मला वाकून, दोन्ही हातांनी काढावा लागला.

बंडल आता टेबलावर ठेवलंय,
आल्यागेल्याला दिसेल असं.
त्याचा नंबर बंद लागतो.
लिहिलंय त्याला: वायर सापडली, दुकानात ये.
एकच टिक आहे, मंगळवारपासून.