मुदत

विक्रोळीच्या शेडमध्ये, पूर्वेच्या बाजूला,
जिथे खाडीच्या वासालाही आम्ही
दाराशीच चपला काढायला लावतो,
तिथे एक झडप होती.
तळहातात मावेल एवढी.
सतरा वर्षं निघायच्या तयारीत.

पोलाद थांबतं. त्याला काही होत नाही.
मुदत असते ती आतल्या रबराच्या कड्याला,
बावीस मिलिमीटर, काळं, साधं.
पाच वर्षं. पाकिटावरच छापलेली.
यान उडो न उडो.

पहिलं कडं बसवलं तेव्हा डाबरे होते.
वसईहून यायचे, डब्यात सुके बोंबील,
लेथवर उभे राहिले की कुणाशी बोलत नसत.
त्या दिवशी बोलले :
"बाई, नाताळाच्या आत जाईल बघा वर."
कुठला नाताळ, ते मी विचारलं नाही.

मग ड्रॉइंग बदललं. मग इंजिनच बदललं.
पैसे आले नाहीत, आले तेव्हा मार्च संपला होता.
एकदा दुसऱ्याच कुणाचं यान समुद्रात पडलं
आणि आमचं सगळं पुन्हा तपासायला निघालं.
वरून पत्र यायचं, त्यात 'लवकरच' हा शब्द
दर वेळी वेगळ्या टंकात.

पाच वर्षांनी झडप उघडली, कडं बदललं.
दहा वर्षांनी उघडली, बदललं.
तिसऱ्या वेळी डाबऱ्यांचा हात थरथरायला लागला होता.
चिमटा त्यांनी माझ्याकडे दिला
आणि हात मागे बांधून बघत राहिले.

परवा मंगळवारी पेटी गेली.
लाकडी, आत फोम, आत नायट्रोजन भरलेली पिशवी,
त्यात ती.
रात्री साडेअकराला, कारण दिवसा हायवेवर टेम्पो हलत नाही.
रामसूरतने गेटपासवर शिक्का मारला.
"मॅडम, माल क्या है?"
कागदावर होतं तेच सांगितलं : मशीनचा पार्ट.
टेम्पोचे लाल दिवे ऐरोलीच्या पुलाकडे गेले,
एक नीट लागत नव्हता.

तारीख आलीय.
कॅलेंडरवर मी ती पेन्सिलनेच लिहिली.

बाद कडं कापून टाकायचं, असा नियम आहे.
'कापून नष्ट केले', खाली सही माझी. तीनदा.
पहिलं माझ्या मुलीच्या बाहुलीच्या हातात गेलं, बांगडी म्हणून.
दुसरं डाबऱ्यांच्या किल्ल्यांना,
मयताला गेले तेव्हा खुंटीवर दिसलं.
तिसरं माझ्या ड्रॉवरमध्ये,
पंचिंग मशीनच्या शेजारी.
अजून मऊ आहे. दाबलं की परत गोल होतं.
मुदत संपून दोन वर्षं झाली,
त्याला कुणी कळवलेलं नाही.