चमच्याच्या दांड्यावरचं पाणी

बोरा वाऱ्याचा तिसरा दिवस.
ट्रिएस्टेच्या चढावरची कचऱ्याची डबडी
कधीच गडगडत बंदराकडे गेली,
आणि घरातली हवा इतकी कोरडी
की लिव्हिओ कोस्माच स्वेटर काढतो
तर डोक्याभोवती तडतड.

त्याहून वाईट ग्राइंडर.
अठरा ग्रॅम बिया घातल्या, पूड निघाली साडेसोळा.
बाकीची?
यंत्राच्या तोंडाला दाढीसारखी,
कपाच्या बाहेरून, बाहीवर,
भिंतीवरच्या मेव्हण्याच्या फोटोला.
आत पडली तीही गुठळ्या गुठळ्या.
पाणी मग फटीफटींतून पळ काढणार,
आणि कप एकाच घोटात आंबट, कडू, पाणचट.

त्याने तांब्याची तार आणली,
ग्राइंडरला अर्थिंग दिलं थेट नळाच्या पाइपात.
मोन्फाल्कोनेच्या गोदीत चाळीस वर्षं
अख्खी जहाजं शांत केलेला हात हा.
कोंडा उडाला
आणि तारेवर जाऊन बसला.

वरच्या मजल्यावरची फुल्विया
स्क्रू-ड्रायव्हर परत द्यायला आली होती.
पाहत राहिली थोडा वेळ.
मग चमच्याचा दांडा नळाखाली धरला, झटकला,
आणि जो एक थेंब उरला
तो बियांमधून फिरवला.
“विजेच्या यंत्रात पाणी!”
त्याने तिचं मनगटच धरलं.
“थेंबाला पाणी म्हणतात का?” ती म्हणाली,
आणि बटण दाबलं.

पूड पडली.
नुसती पडली, खाली, जिथे पडायची तिथे.
ना दाढी, ना तडतड.
पाणी आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नाही,
एवढ्याच एका विद्येवर पेन्शन खाणारा माणूस;
तिने त्याला पाणी पाजलं
तेही चमच्याच्या दांड्यावरून.

उरल्यासुरल्या गुठळ्यांसाठी
तिने पिशवीतून बूच काढलं,
त्यात खोचलेल्या पाच सुया, मणी ओवायच्या,
नाटकाच्या कपडेपटातल्या.
गोल गोल, तळापर्यंत, घाई नाही.

“गोदीत कुणाला सांगू नकोस.”
“गोदीतलं राहिलंय कोण, लिव्हिओ?”

मशीन गुरगुरलं. मधासारखी धार.
तिच्या काळ्या बाहीवर मघाचा कोंडा होता,
त्याने बोट ओलं केलं आणि टिपून घेतला.

“पाच दिवस चालणार म्हणे हा बोरा,” ती म्हणाली,
कप धुतला,
आणि जाताना स्क्रू-ड्रायव्हर
पुन्हा घेऊन गेली.