समासातले बर्च

कोत्काच्या बंदरावर नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
राइमोनं जुना नकाशा पाठवला, स्कॅन केलेला,
कागदगिरणीच्या आवाराचा, एकोणीसशे अठ्ठावन्नचा,
मधोमध घडीची रेघ, कोपऱ्यात कपाचं तपकिरी वर्तुळ.
"बॉयलरघर तेवढं ठेव," म्हणाला, "तिथे वाचनालय होणार.
बाकीचं काप."

मी तो माझ्या रेखाटनाखाली अंथरला,
फिका केला, साठ टक्के,
तरी तिरकाच. अर्धा अंश.
सरळ करताना वाटलं,
झोपलेल्या माणसाखालची चादर ओढतेय.

मग हद्द. क्लिक, क्लिक,
चिमणीच्या पायथ्याला वळसा,
क्लिक, आणि एन्टर.
कोळशाचं कोठार गेलं,
रुळांचा फाटा गेला, कामगारांचं सौना,
उत्तरेचा बाणसुद्धा,
आणि खालचा तक्ता, त्यातली बारीक, उभी सही:
सिर्क्का पुल्लिआइनेन.

कापलं असं आम्ही म्हणतो.
फाइल मात्र तेवढीच जड राहते.

गुरुवार, म्हणून खाली वाटाण्याचं सूप.
जिभेला चटका घेऊन परत आले
आणि मेनूत बोट एक ओळ खाली पडलं:
'हद्द उलट करा.'

बॉयलरघर नाहीसं.
त्या जागी पांढरं भोक, माझ्याच क्लिकांच्या मापाचं,
आणि भोवती अख्खं आवार उठून बसलेलं.
नदीच्या बाजूला बर्च. सहा.
एकेक शाईनं, हातानं काढलेला.
एक वाकलेला, एकाची फांदी मोडकी,
एकाचा शेंडा माझ्या भोकात गेलेला
(मघाशी हद्दीच्या आत जो डाग धूळ वाटला होता, तो हाच).
तिसऱ्याखाली बाक.
बाकावर काहीतरी. मोठं केलं, आणखी मोठं,
सगळं ठिपके ठिपके झालं, तरी कळलं:
टोपी.

कोण बसलं होतं, सिर्क्का?
आणि गिरणीच्या नकाशात टोपी काढायला
तुला कुणी सांगितलं होतं?
आमच्याकडे बर्च एकच आहे.
हवा तिथे डकवतो,
फार तर जरा फिरवतो, शंका येऊ नये म्हणून.

उलट करून पुन्हा सुलट करणार,
तेवढ्यात दक्षिणेला एक तुटक रेघ दिसली.
सौनापासून निघून थेट भोकात शिरणारी.
शिरते तिथे आमच्या लिफ्टचा खड्डा.
"अठ्ठावन्नचा पाइप?" राइमो हसला. "आता कुठला असायला."

सोमवारी साइटवरच्या इलोनानं सळई खुपसली.
दीड मीटरवर टण्ण वाजलं म्हणे.
पुढचं तिचं बोलणं वाऱ्यात गेलं.
"बर्च आहेत का गं?" मी ओरडून विचारलं.
"कसले बर्च?
मी गाड्यांमध्ये उभी आहे."

हद्द नव्यानं आखली.
दक्षिणेला पाइपपुरती एक जीभ काढली,
बाकी सगळं काटकोनात, शिस्तीत.
फक्त नदीच्या बाजूला रेषेला पोट आलंय.

छापील प्रतीवर राइमोनं तिथे लाल गोल केला:
हे काय?
पाइपसाठी, मी खाली लिहिलं.

पाइप दुसऱ्या अंगाला आहे.
त्यानं कागद दिव्याखाली धरला, बराच वेळ,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि सही केली,
तक्त्यात नव्हे, तिथेच, पोटाशेजारी,
तिसऱ्या झाडाच्या सावलीत बसेल एवढी लहान.