बोजा लावल्यावर

सपाट मुलखातली माणसं आम्ही.
आमच्याकडे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल,
तोही विबे चाळीस वर्षं बटण दाबून उचलायचा.
चढ उभा राहायचा, बोटी जाऊ द्यायचा,
मग निजायचा परत.

गाडीही आमच्यातच वाढलेली.
डिझेल, सात सीटची, मागे कुत्र्याचे केस.
एक लाख ऐंशी हजार किलोमीटर,
सगळे समुद्रसपाटीला,
काही तर समुद्राच्याही खाली.

लिएज मागे पडलं
आणि आर्देनचा रस्ता अंगावर आला.
मागे कारवान, तेराशे किलो.
आधी एक शिट्टी,
शेजारच्या घरात किटली ठेवल्यासारखी.
मग आरशात काळा धूर,
मग डॅशबोर्डवर तो नारिंगी दिवा
आणि गाडीचा जीव एकदम गेला.
पाय दाबून दाबून चाळीस.
मागून लाकडाचे ट्रक, हॉर्न न वाजवता,
त्यांची ती सभ्यताच जास्त लागली.

'टर्बो गेला,' विबे म्हणाला,
दूरचं कुणी वारल्यासारखं.

स्नीकच्या गॅरेजात तीनदा दाखवली होती.
दर वेळी मोकळी गाडी फिरवून आणायचे,
तासाभरात कागद हातात: दोष आढळला नाही.
तिन्ही कागद कप्प्यात आहेत,
चष्म्याच्या डबीखाली, घडी घालून.

लाकूड-गिरणीशेजारी ओदिलचं गॅरेज.
साठीची बाई, कोपरापर्यंत काळी,
कानावर पेन्सिल, सुतारासारखी.
विबे भिडेखातर कारवान सोडवायला वाकला.
ती म्हणाली, 'काढू नका. जोडलेलीच राहू दे.'
आणि आमची सगळी वरात घेऊन
खिडक्या उघड्या टाकून
स्वतः चढावर गेली.

आम्ही गिरणीच्या भिंतीला टेकून उभे.
भुशाचा वास. शिट्टी वर गेली, वळली, खाली आली.

'टर्बो धडधाकट आहे,' ओदिल म्हणाली.
'बिचारा छाती फोडून फुंकतोय,
पण निम्मी हवा झुडपात जातेय.'
तिनं पाइप काढून उलटा धरला.
खालच्या अंगाला, जिथं तो पट्टीवर घासतो,
नखाएवढी चीर. कडेला तेलाचा ओलसर डाग.
'मोकळ्या गाडीत हिचे ओठ मिटलेले असतात.
बोजा आला की बोलते.'

मी विबेकडे पाहिलं नाही.
त्यानंही माझ्याकडे नाही.

दर रविवारी संध्याकाळी सातला येल्मरचा फोन.
पाऊस आहे का? आहे.
मांजर? बरं आहे.
तू? छान.
दोन वर्षं, शंभरेक रविवार,
दोष आढळला नाही.
मग एप्रिलमध्ये त्याच्या बायकोनं पत्र पाठवलं,
बायको होती तिनं,
की तो डोंगरात एका गोठ्याच्या माळ्यावर राहतो,
आणि त्याला निदान एक दार असलेली जागा मिळाली तर.
वाक्य तिथंच सोडलेलं.
विबेनं ते उभ्यानं वाचलं
आणि अंगणात जाऊन कारवानच्या टायरात हवा भरली.

ओदिलनं भंगारातल्या व्हॅनचा पाइप बसवला,
दोन क्लिपा, चाळीस युरो,
आणि कॉफी, जी तिच्या हातांसारखीच होती.
जुना पाइप ती फेकणार होती.
विबेनं मागून घेतला.

आता मी चालवतेय.
तो शेजारी बसलाय, मांडीवर तो रबराचा तुकडा,
अंगठ्यानं चीर उघडतो,
मिटतो,
उघडतो.
'आपण गेल्या गेल्या कारवान सोडवायची नाही,'
तो म्हणाला, लक्झेंबर्गच्या पाटीपाशी.
'रात्रभर राहू दे जोडलेली.'
'बरं,' मी म्हटलं.

शिट्टी नव्हती आता.
पुढे परत चढ दिसत होता, फारसा मोठा नाही.
मी तिसरा गिअर टाकला.